ओढ्याचा मध्य

हौगांग, सिंगापूर
३ एप्रिल २०२६

प्रिय दादा,

पाकीट फोडल्यावर आधी पाने मोजून घ्यावीत. सहा आहेत, प्रत्येकाच्या उजव्या कोपऱ्यात क्रमांक घातला आहे, कारण मधले एक जरी गळले तरी पुढचे समजणार नाही. अक्षर मुद्दाम मोठे आणि सुटे काढले आहे. तुझ्या काचबिंदूबद्दल तुझ्या राजसने कळवले. थेंब वेळेवर घालत जा. फोन का केला नाही, असे तुला वाटेल. नको तो विषय निघाला की तू फोनवर खोकतोस, मग "हेमू, आवाज तुटतोय रे" म्हणतोस आणि ठेवून देतोस. कागदावर तशी सोय नाही.

इकडे सर्व ठीक आहे. तांजोंग पगारच्या त्याच कचेरीत मी अजून पुराच्या विम्याचे दावे तपासतो. कोणते घर पाण्याने पडले आणि कोणते आधीच पडायला आले होते, हे ठरवण्यात माझी सव्वीस वर्षे गेली. आमच्या ब्लॉकमागचा सिमेंटचा कालवा तुला आठवत असेल. तू आलास तेव्हा त्याला गटार म्हणाला होतास. दुपारी सर कोसळली की अर्ध्या तासात तो छातीइतका भरतो आणि पुढच्या तासाभरात घोट्यापर्यंत उतरतो. ते पाणी जलाशयात जाते, तिथून गाळून नळाला येते, आणि वापरलेलेसुद्धा शुद्ध होऊन पुन्हा फिरते. आई इथे होती त्या वीस महिन्यांत रोज दुपारी खालच्या बाकावर बसून हे चढणे-उतरणे पाहत असे. एकदा तिने विचारले, "हे पाणी माती खात नाही का रे?" मी म्हटले, सिमेंट आहे, आई. ती म्हणाली, "मग बरंय. पाणी काय, ढगातून फिरून येतं. माती येत नाही." तुझा विषय मी काढला नाही. का, ते पुढे येईल.

आता मूळ मुद्दा. दोन हजार दोनमध्ये बाबा गेल्यावर आपण वाटणी केली. ओढ्याच्या पूर्वेची जमीन तुला, पश्चिमेची आईच्या तीन खोल्यांसह मला. वाटणीपत्राचा मसुदा मी केला, कारण घरात बी.कॉम. मी होतो आणि वकिलाची भाषा मला ढिसाळ वाटली होती. त्यातली दोन वाक्ये मला आजही पाठ आहेत: "ओढ्याचा मध्य ही उभयतांची हद्द राहील. ओढा जसा वाहील तशी हद्द समजावी." दुसरे वाक्य लिहून झाल्यावर मी ते दोनदा वाचले आणि स्वतःवर खूश झालो. तू म्हणाला होतास, "हेमू, चार दगड रोवून टाकू." मी हसलो. "दगड कशाला? ओढा काय पळून जातोय?" हे माझेच शब्द. ते मी लपवत नाही. रेघ आणि ओढा यांतला फरक मला तेव्हा कळत नव्हता. तुला कळत होता, कारण तू रोज त्याच्या काठी उभा राहत होतास.

पुढच्याच वर्षी, एप्रिलमध्ये, ओढा कोरडा असताना तू जेसीबी आणलास. तुझ्या काठापासून थेट पात्राच्या मध्यापर्यंत, वरच्या अंगाला, काळ्या दगडांचा एक तिरपा बांध घातलास. विचारणाऱ्यांना सांगितलेस की गुरांना उतरायला वाट केली. कुठल्या गुरांना, दादा? तुझ्याकडे तेव्हा एक म्हैस होती आणि ती विहिरीवर पाणी प्यायची. त्या पावसाळ्यात डोंगरावरून आलेला लोंढा तुझ्या दगडांवर आदळला आणि वळून माझ्या काठावर गेला. ओढ्याला एकदा वळण लागले की ते वाढतच जाते. वळणाच्या बाहेरच्या बाजूला पाण्याला वेग असतो, ते काठ पोखरते. आतल्या बाजूला ते मंदावते आणि वाहून आणलेला गाळ तिथे टाकते. बाहेरची बाजू माझी होती. आतली तुझी. मी एका काठाने आकसत गेलो, तू दुसऱ्या काठाने वाढत गेलास, आणि हद्द मात्र कागदावर तंतोतंत खरी राहिली: ओढ्याचा मध्य.

आई दर दसऱ्याला सोने वाटून झाले की स्वयंपाकघराच्या उंबऱ्यापासून काठापर्यंत पावले टाकायची. नेहमीच्या चालीने, एकसारखी पावले टाकत जायचे, अशी तिची मोजणी. रात्री मला फोनवर आकडा सांगायची, बाकी काही नाही. मी तो वहीत लिहायचो. पहिल्या वर्षी एकशे अठ्ठावीस. पाचव्या वर्षी एकशे सहा. दोन हजार एकोणीसच्या महापुरानंतर एकेचाळीस. शेवटच्या दसऱ्याला ती म्हणाली, "अठरा. पण माझी पावलं आता लहान पडतात रे, तेव्हा सोळाच धर." आपल्याच मुलाने केलेल्या नुकसानीच्या मोजणीतसुद्धा तिने स्वतःच्या म्हातारपणाची वजावट केली. मी व्यवसायाने तपासनीस आहे. इतका प्रामाणिक साक्षीदार मला दुसरा भेटला नाही.

दोन हजार आठच्या मे महिन्यात मी कागद घेऊन तुझ्या ओसरीवर आलो होतो, ते तू विसरला असशील. तुझ्याकडे चार माणसे बसली होती. तू सुपारी कातरत होतास. मी तुझ्या दगडांबद्दल विचारले आणि तू मान वर न करता म्हणालास, "हेमू, सिंगापूरला राहून साहेब झालास रे तू. अरे, पाण्यानं केलं, मी नाही. पाण्यावर दावा लाव की!" सगळे हसले. मग तू अडकित्ता खाली ठेवलास आणि म्हणालास, "आणि कागद तर तुझ्याच हातचा आहे." ते पुन्हा हसले. मी माझी फाईल बंद केली आणि घरी आलो. आईने ताट वाढले होते. ती ओढ्यापलीकडून सगळे ऐकत होती; उन्हाळ्यात ओढा कोरडा असला की पलीकडचे ऐकू येत असे. तिने माझा हात धरला आणि म्हणाली, "मी आहे तोवर दादाला यातलं एक अक्षर विचारायचं नाही." मी वचन दिले आणि पाळले. बाबांच्या अस्थींवर लावलेली बकुळ एकोणीस साली काठासकट ओढ्यात गेली, तेव्हाही पाळले. त्या दिवशी ती फोनवर एवढेच म्हणाली, "उभीच्या उभी गेली. फुलं होती." पुढे मागच्या खोलीच्या भिंतीला तडा गेला आणि मी तिला इथे अकराव्या मजल्यावर आणून ठेवले. ओढ्याच्या आवाजाशिवाय तिला झोप लागत नसे. तू दिवाळीला तिला साडी पाठवलीस. ती तिने नेसली. हेही तुला माहीत असावे.

इथे बिशानच्या बागेत एक नदी आहे. आधी तीही सिमेंटच्या कालव्यातून सरळ जात होती. सरकारने तो कालवा फोडला आणि तिला पुन्हा वळणे दिली. जाई आजीला तिथे घेऊन गेली होती. आई वळणावर थांबली, काठीने आधी एक काठ दाखवला, मग दुसरा, आणि म्हणाली, "इथं खातं, तिथं ओकतं." जाई घरी येऊन मला तिच्या इथल्या इंग्रजीत म्हणाली, "बाबा, आजी शूड टीच जॉग्रफी, लाह!" तुझ्या पुतणीला ती गंमत वाटली. मला त्या दिवशी कळले की आईने जेसीबी पाहिला होता, दगड कशासाठी होते ते पहिल्या दिवसापासून जाणले होते, आणि वीस वर्षे ती पावले पाण्याची नव्हे, तुझ्या दगडांची मोजत होती.

त्यानंतर मी ओढ्याचा अभ्यास केला. उपग्रहाने घेतलेली आपल्या गावची दर वर्षीची छायाचित्रे माझ्याकडे आहेत. दावे तपासताना जी काटेकोरी वापरतो तीच इथे वापरली. ओढा वळण वाढवत नेतो, पण अमर्याद नाही. वळसा लांबला की उतार कमी होतो, पाणी तुंबू लागते, आणि एखाद्या मोठ्या पुरात ते वळसा सोडून सरळ वाट धरते. ती वाट बहुधा जुन्या पात्रातूनच असते, कारण ती जमीन अजून सखल असते. आपले जुने पात्र कुठे आहे, दादा? तुझ्या नव्या घराच्या मागे. गाळाने तुला जी जमीन मिळवून दिली तिच्यावर तू पायाचा दगड बसवलास. समोर वळण, मागे जुने पात्र, आणि पायाखाली वीस वर्षांची वाळू. पाया खणत असताना राजसने मला फोटो पाठवले होते. एकाही फोटोत कातळ नव्हता. मी उत्तर लिहिले: "छान. अभिनंदन."

ते उत्तर मी विचार करून लिहिले होते. आई गेली, वर्षश्राद्ध झाले, वचन संपले, तरीही मी बोललो नाही. आता गप्प बसणे माझे स्वतःचे होते. ज्या दिवशी ओढा जुन्या पात्रात परतेल त्या दिवशी ओढ्याचा मध्य तुझ्या घराच्या पूर्वेला जाईल. ओढा जसा वाहील तशी हद्द समजावी. म्हणजे तुझे घर, त्यातले जे काही उरेल ते, माझ्या हद्दीत येईल, माझ्याच हातच्या कागदाने. मग तू मला फोन केला असतास आणि मी एकच वाक्य बोललो असतो, तुझेच: पाण्यानं केलं, मी नाही. हे वाक्य मी एमआरटीच्या गाडीत उभा राहून मनातल्या मनात म्हणत आलो आहे. वाऱ्याचा अंदाज, पावसाचा अंदाज, सगळे पाहत आलो आहे. पूर यावा म्हणून नवस केला नाही, एवढेच. नवसाची गरज नव्हती.

अकरा दिवसांपूर्वी तुझ्या सुनेचा, गार्गीचा निरोप आला. बाळंतपण आटोपून ती माहेराहून आली, तान्हीला घेऊन आता तिथेच राहणार, मागच्या खोलीत पाळणा टांगला. फोटो होता. खाली लिहिले होते: "काका, बांधकाम चालू होतं तेव्हा भाद्रपदात घरामागूनही एक झरा वाहिला, गुडघ्याएवढा! यंदा खिडकीतून बाळाला दाखवणार." मी तो फोटो मोठा करून पाहिला. पाळण्यामागच्या खिडकीतून जुने पात्र दिसते आणि त्यात मधोमध ताजी घळ पडली आहे. तो झरा नव्हे. ओढ्याने गेल्या वर्षी वाट पाहून ठेवली आहे. अकरा दिवस मी ते वाक्य म्हणून पाहिले. पाळण्याच्या फोटोसमोर ते तुझ्याच आवाजात ऐकू येते, सुपारीच्या कातरण्यासकट. मला तुझा सूड हवा होता. तुझा आवाज नको होता.

आता शेवटचे पान. दादा, तुला अक्षरे दिसत नाहीत हे मला राजसने तीन महिन्यांपूर्वीच सांगितले. वर्तमानपत्र, पत्रे, सगळे तुला सुनबाई घरी असली की वाचून दाखवते. म्हणून मी फोन केला नाही, राजसला कळवले नाही, आणि पानांवर क्रमांक घातले. तुझे दगड, तुझी म्हैस, ओसरीवरचे हसणे, आईची सोळा पावले, हे सगळे तू आत्ता तुझ्या सुनेच्या आवाजात ऐकलेस, आणि तिला मध्येच थांब म्हणायचे तुला सुचले असेल तर तेही तिने ऐकले. माझा सूड एवढाच, आणि तो पूर्ण झाला आहे. गार्गी बाळा, माझा आवाज तुझ्या तोंडून वदवून घेतला, याची क्षमा कर. आता पत्र खाली ठेव. मागच्या खोलीतला पाळणा आजच काढ, आणि मृगाच्या आधी तान्हीला घेऊन वरच्या आळीत राहायला जा. सासऱ्यांनाही बरोबर ने. ते नाही म्हणतील. त्यांचा हात धर. निघण्याआधी उंबऱ्यापासून मागच्या घळीपर्यंत पावले मोज आणि आकडा मला कळव.

दादा, अजूनही तुझाच, पण ओढ्याच्या या काठावरून,
हेमचंद्र