आवाज हातात ठेवला होता

ती. दादांना धाकटीचा नमस्कार.

तुमचा गुडघा कसा आहे? मागच्या वेळी फोनवर विचारलं तेव्हा तुम्ही हं म्हणालात. ते दुखतंय म्हणून हं की बरं आहे म्हणून हं, हे मला अजून कळलेलं नाही. जाऊबाईंना नमस्कार सांगा. त्यांचा खोकला कसा आहे ते विचारत नाही, त्या न विचारता सांगतात. इकडे आम्ही बरे आहोत. म्हणजे बाळ बरं आहे. मीपण बरीच आहे असं धरून चाला.

पत्र बघून घाबरू नका. पत्र आलं की काहीतरी वाईट झालं असं तुमच्या घरात धरतात, हे मला लग्नानंतर कळलं. तसं काही नाही. फोनवर आपलं जमत नाही म्हणून लिहिते आहे. तुम्ही हं म्हणता, मी हो म्हणते, मग परत तुम्ही हं, आणि शेवटी जाऊबाई आतून ओरडतात की बोलायचं नसेल तर फोन तरी ठेवा. (अक्षराला हसू नका. शाळा सुटल्यावर मी पेन धरलं ते एकदम लग्नाच्या सहीला.)

तर झालं असं. तुमचे भाऊ जहाजावर निघाले त्याच्या आदल्या दिवशी त्यांच्या डोक्यात आलं की आपण परत येऊ तेव्हा हे पोरगं आपल्याला ओळखणार नाही. बाळ तेव्हा नुसतं गाठोडं होतं. आपण दारात उभे राहू आणि हे भोकाड पसरेल, कोण हा दाढीवाला म्हणून. ते म्हणाले, निदान आवाज तरी ठेवून जातो, आवाज ओळखीचा झाला की चेहऱ्याचं नंतर बघू. तिकडून फोन लागला तर लागतो, नाहीतर पुढचं बंदर येईपर्यंत नाही. त्यात चांगला फोन तेच घेऊन गेलेत, माझ्याकडे बटणांचा आहे. घरात एक जुना कॉम्प्युटर आहे, एका बंद पडलेल्या ऑफिसातून आणलेला. त्याला माईक लावला, समोर बसले, आणि बसूनच राहिले. गाणं येत नाही, गोष्ट येत नाही. मी म्हटलं, बाळाशी बोला काहीतरी. तर म्हणतात, त्याला काय कळणार. म्हटलं, मग माझ्याशी बोला. तर म्हणतात, तुझ्याशी काय बोलू, तू समोरच तर आहेस. शेवटी घरमालकीणबाईंच्या कपडे धुण्याच्या मशीनचं पुस्तक पडलेलं होतं (ह्यांनी ते मशीन दुरुस्त करून दिलं होतं, घरात फिटर असला की शेजाऱ्यांची चंगळ), ते उचललं आणि पहिल्या पानापासून वाचायला लागले. मशीन सपाट जागेवर ठेवावे. खिसे तपासून घ्यावेत. लोकरीचे कपडे पिळू नयेत. दादा, खोटं नाही सांगत, इतक्या मायेने ते माझ्याशी कधी बोललेले नाहीत.

बाळाला ते भारी आवडलं. दुपारी पाळण्यात टाकायचं, आवाज लावायचा, आणि खिसे तपासण्यापर्यंत पोचायच्या आत डोळे मिटलेले. मीपण खाली चटई टाकून पडायची. घरात एक माणूस बोलतंय असं वाटायचं. इथे दिवसभर माझ्याशी बोलायला कोणी नाही. दूधवाला पिशवी अडकवून जातो, तोही आता बेल मारत नाही, बाळ उठतं म्हणून. घरमालकीणबाई तेवढ्या बोलतात, पण त्यांचं बोलणं म्हणजे नळ नीट बंद करा आणि जिन्यात पाणी सांडू नका. त्यांनीच एकदा मला अडवून विचारलं, तुमच्याकडे रोज दुपारी मशीन विकायला कोण येतं हो, आणि दार लावून कशाला घेता? मी म्हटलं, नवरा आहे. तर म्हणतात, नवरा तर जहाजावर आहे. म्हटलं, हो, तोच. त्या दिवसापासून माझ्याकडे वेगळ्याच नजरेने बघतात.

मग कॉम्प्युटर अडखळायला लागला. हे म्हणायचे, मशीन स, मशीन स, मशीन स, आणि आतून करकर आवाज. बाळ दचकून उठायचं आणि मग माझी धडगत नाही. खालच्या गल्लीतल्या कॉम्प्युटरवाल्याला बोलावलं. (त्याला सगळे डॉक्टर म्हणतात, कारण तो आधी डब्याला कान लावतो.) कान लावून म्हणाला, वहिनी, ह्याची डिस्क म्हातारी झालीय, पण मेमरी बघा किती, ऑफिसवाल्यांनी हौसेनं घातलेली, निम्मी नुसती पडून आहे. त्या पडून असलेल्या मेमरीचाच तुम्हाला एक ड्राइव्ह करून देतो. आणि दिला. मी मागे जाऊन बघितलं, नवीन काही बसवलेलंच नाही, एक वायरसुद्धा नाही. म्हटलं, कुठे आहे? तर म्हणाला, तो खरा नाही, मानलेला भाऊ असतो ना तसा मानलेला ड्राइव्ह आहे, पण कामाला सख्ख्यापेक्षा चपळ. आणि खरंच, ह्यांचा आवाज त्यात टाकल्याबरोबर असा सरळ वाजला की जसे शेजारी बसलेत.

जाताना त्याने एकच गोष्ट बजावली. कॉम्प्युटर बंद झाला की ह्यातलं सगळं जातं, म्हणून रोज चालू केल्यावर जुन्या डिस्कमधून एक प्रत ह्यात टाकायची. मला लगेच कळलं. डिस्क म्हणजे ट्रंक आणि हा ड्राइव्ह म्हणजे हात. हातातली वस्तू पटकन देता येते, पण डुलकी लागली की हातातलं खाली पडतं. इतकं नीट कळलं होतं, दादा, आणि तरी मी ते केलं.

काय केलं ते सांगते, हसायचं असेल तर इथे हसून घ्या. एके दिवशी आवाज ड्राइव्हमध्ये टाकला आणि सहज जुन्या डिस्कमध्ये बघितलं, तर तोच तिथेही. मला वाटलं, एकच वस्तू दोन ठिकाणी कशाला? त्यात डिस्क बिचारी म्हातारी, तिच्या डोक्यावर हे एवढं मोठं ओझं. म्हणून तिथला काढून टाकला. तो कचऱ्याच्या डब्यात गेला. घरात कचरा साठवू नये अशी आईची शिकवण, म्हणून डबाही रिकामा केला. आणि मग हात झटकले, आता कसं लख्ख झालं म्हणून. कपाळ माझं.

कळलं ते संध्याकाळी बंद करायला गेले तेव्हा. बोट बटणावर आणि डोक्यात लख्ख प्रकाश. तिथून मी तो कॉम्प्युटर बंदच केला नाही. डॉक्टरला सांगायची लाज वाटली, म्हणेल इतकं समजावलं होतं. (तो नंतर म्हणाला, वहिनी, तिथून परत डिस्कमध्ये एक प्रत टाकायची होती, झालं. ते मला सुचलंच नाही. हातातलं परत ट्रंकेत ठेवता येतं, हे मला, एका बाईला, सुचलं नाही.) इस्त्री लावली नाही, मिक्सर लावला नाही, न जाणो फ्यूज उडाला तर. दिवा लावतानासुद्धा धाकधूक. बाजारात गेले तर अर्ध्या वाटेतून परत आले. घरात दोन लेकरं असल्यासारखं झालं, एक पाळण्यात आणि एक टेबलावर, आणि टेबलावरच्याची काळजी जास्त.

मग ते झालं. बाळ अजून रांगत नव्हतं, नुसतं पोटावर पडून होडीसारखं डोलायचं. त्या दिवशी पाळण्यात राहीना म्हणून खाली चटईवर ठेवलं आणि ह्यांचा आवाज लावला. मी भांडी विसळत होते. मागे वळून बघते तर चटई रिकामी. गुडघ्यांवर चालत निघालेलं, दादा, आवाजाकडे. स्पीकरपाशी गेलं, त्याच्या तोंडात हात घालून बघितला, बाबा आत कुठे बसलेत ते शोधत असावं, मग मागे गेलं, आणि तिथे ती वायर. मी ओल्या हातांनी धावले. लोकरीचे कपडे, एवढं म्हणाले आणि बंद.

उपटलेली वायर हातात धरून बाळ माझ्याकडे बघून हसलं. पहिल्यांदा रांगलं आणि बघायला मी एकटीच. टाळ्या वाजवायच्या होत्या, मी रडत बसले. मग वाटलं, ह्याला वाटेल रांगणं वाईट असतं, म्हणून रडता रडता टाळ्या वाजवल्या.

डॉक्टर आला, कान लावला, मान हलवली. मेमरीतलं गेलं ते गेलंच. जुन्या डिस्कमध्ये पुसलेलं काही सापडतं का म्हणून दुपारभर खटपट केली. त्या बंद पडलेल्या ऑफिसातलं कोण कधी उशिरा आलं ते सगळं सापडलं. ह्यांचा आवाज तेवढा नाही.

मी आवाज जाड करून ते पुस्तक वाचून बघितलं. बाळ खो खो हसलं, झोप उडाली ती उडालीच. मग घरमालकीणबाईंकडे गेले, म्हटलं तुमचं मशीन जरा रिकामं फिरवता का, बाळाला झोपवायचंय. त्यांनी आधी मला बघितलं, मग बाळाला, मग म्हणाल्या, मशीन विकणारा येत नाही वाटतं हल्ली? आणि फिरवलं हो, चांगल्या आहेत तशा. खळबळून होईपर्यंत बाळ झोपलं आणि पिळायला लागल्यावर किंचाळत उठलं.

ह्यांना अजून सांगितलेलं नाही. सांगायला फोन लागत नाही, आणि लागत नाही म्हणून बरंही वाटतं. ते येतील, दारात उभे राहतील, बाळ भोकाड पसरेल, आणि ते माझ्याकडे बघतील. रागावणार नाहीत. नुसतं हं म्हणतील. त्याचीच मला भीती वाटते.

असो. तुम्हाला काही काम सांगायला लिहिलेलं नाही. घरातल्या मोठ्यांच्या कानावर असावं म्हणून लिहिलं. गुडघ्याला जपा.

तुमची,
धाकटी

ता.क. पत्रासोबत मशीनचं पुस्तक पाठवते आहे. तुमचा आवाज अगदी ह्यांच्यासारखा आहे. पहिल्यांदा तुमचा फोन आला होता तेव्हा मी तुम्हाला म्हटलं होतं की येताना बटाटे आणा, आठवत असेल. तर हे तुम्ही वाचून द्याल का? तुमच्या लेकीच्या फोनवर आवाज भरा आणि डॉक्टरच्या फोनवर पाठवायला सांगा, नंबर पुस्तकाच्या मागे लिहिलाय. घाई करू नका, पान उलटताना हे घसा खाकरतात, तेवढं करा. पुस्तक घरमालकीणबाईंचं आहे, तेलाचा हात लावू नका.

ता.क. दुसरं. खरं सांगायचं तर बाळ आता आवाजाशिवाय झोपतं. रांगून दमतं आणि चटईवरच आडवं होतं. झोप मला लागत नाही. तरी तुम्ही वाचा.

ता.क. शेवटचं. पुस्तक संपल्यावर ह्यांना वाटलं की माईक बंद झालाय, आणि ते म्हणाले होते, झालं ना, चल, वाढ आता, आणि तूपण बस माझ्याबरोबर. तेवढं तुम्ही म्हणू नका. जाऊबाई जवळ असल्या तर उगाच ताटं घ्यायला उठतील. आणि ते मला पाठ आहे.