हवेत थांबलेला बर्फ

४ जानेवारी

दादाचा बर्फ आज आमच्या पेटीत आला! तंत्रज्ञाने सकाळीच भरला – त्या दिवसाचा वारा, ढग, धावपट्टीवरची निसरड, सगळं जसंच्या तसं. सहा लोखंडी पायांवर उभं असलेलं हे खोटं कॉकपिट. कागदोपत्री सिम्युलेटर, आम्ही पेटी म्हणतो. वैमानिक पुढे बसतात, मी मागे, आणि हवामान माझ्या बोटाखाली. वीस वर्षं हाच धंदा – लोकांना संकटात टाकायचं आणि पगार घ्यायचा.

साहेब म्हणाले, "हा धडा तुम्ही नका घेऊ. दुसरे सर घेतील." मी म्हटलं, मीच घेणार.

अपघाताला सहा आठवडे झाले. मालवाहू विमान, आत माणसं दोनच. दादा गेला. शेजारचा सहवैमानिक वाचला, कंबर मोडून इस्पितळात पडलाय. चौकशी अजून संपलेली नाही, पण कुजबुज आत्तापासून सुरू – चूक कॅप्टनची. मला बघायचंय, दुसरं कोणी तिथे फसतं का ते.

७ जानेवारी

चार कॅप्टन आले. दोनशे फुटांवर धावपट्टी दिसली नाही, म्हणून चौघांनीही सरळ विमान वर घेतलं. चौघेही पास! पेपर फुटल्यावर नापास कोण होणार? हा बर्फ कुठला, ते सगळ्यांना ठाऊक होतं. दादाला धावपट्टी दिसली होती. दिसली, आणि मग बर्फाच्या लोटात गेली. असं मला वाटतं.

जाताना एकाने माझ्या खांद्यावर हात ठेवला. मला रागच आला. त्याची काय चूक, पण आला.

१० जानेवारी

वहिनी आली. कोट न काढताच खुर्चीत बसली. चहा केला, तो तसाच निवला.

सहवैमानिकाने जबाब दिलाय. "कॅप्टननी हात सोडले." विमानातल्या यंत्राच्या नोंदीतही तेच. शेवटचे चार सेकंद कंट्रोलवर हातच नाही.

"आदल्या दिवशी आम्ही भांडलो होतो गं," वहिनी म्हणाली. "मी ह्यांना म्हटलं, तुम्ही घरी आलात काय आणि नाही आलात काय, मला सारखंच." मग – "खरं सांग. मुद्दाम सोडले असतील?"

मी ओरडलेच तिच्यावर. असलं मनात तरी कसं आणतेस! मग दोघी रडलो. जाताना चहाचा कप मात्र विसळून ठेवला तिने.

११ जानेवारी

दादा असं करणार नाही. गाडी चालवताना स्टिअरिंगवरचा हात काढून पाण्याची बाटलीसुद्धा घ्यायचा नाही तो!

१५ जानेवारी

तंत्रज्ञाला मागे बसवलं आणि स्वतः उडवलं. अकरा वेळा. सात वेळा वर घेतलं, दोनदा उतरले, दोनदा आपटले. आपटताना पेटी हाडं खिळखिळी करते.

चार सेकंद फार असतात. मोजून बघितले. नाक वर ओढायला दीड पुरतो. उरलेल्या अडीचमध्ये दादा काय करत होता?

डावी, कॅप्टनची खुर्ची एक घर मागे होती. दादाचे पाय लांब, तो तशीच घ्यायचा. त्याच्यानंतर पन्नास माणसं बसून गेली असतील, म्हणजे ती त्याने ठेवलेली असणं शक्यच नाही. तरी मला ती पुढे ओढवेना. पाय पुरत नव्हते, तशीच उडवत राहिले.

१६ जानेवारी, रविवार

आज पेटी बंद असते. दुपारी उगाच जाऊन बसले.

हे कुठल्याच वहीत नाही, म्हणून इथे लिहिते. मागच्या हिवाळ्यात दर रविवारी दुपारी दादा इथे यायचा. त्याची परीक्षा जवळ आली होती आणि बर्फात उतरायची त्याला धास्ती बसली होती. वैमानिकाने हे बोलायची सोय नाही. माझ्याजवळ बोलला. सख्ख्या भावाला शिकवणं नियमात बसत नाही, म्हणून मी नोंदच केली नाही.

"आणखी घाण हवा दे चिमे, घाबरतेस काय!" चाळिशी उलटलेल्या बाईला चिमे म्हणणारा आता कोणी उरला नाही. मी वारा वाढवायचे, बर्फ वाढवायचे. हाताबाहेर गेलं की तो सांगायचा आणि मी लाल बटण दाबायचे. सगळं थांबायचं. काचेपुढे बर्फाचे कण हवेत तसेच लटकायचे. बटण दाबलं की वैमानिकाने हात सोडायचे, ही आमच्याकडची शिस्त. दादा कडाकडा बोटं मोडायचा. "वाचलो बुवा!" म्हणायचा. की पुन्हा दहा मैलांवरून सुरुवात.

शिकणाऱ्याला एकदा तरी आपटू द्यावं, असंही आमच्याकडे आहे. त्याशिवाय धडा अंगी लागत नाही. मी सगळ्यांना आपटू दिलंय. दादाला एकदाही नाही. माझ्याच्याने बघवायचं नाही.

२० जानेवारी

नवी सहवैमानिक आली होती. हुशार, पण साठ फुटांवर गोंधळली. "थांबवा मॅडम!" मी बटण दाबलं. बर्फ लटकला.

मी तिच्या हातांकडे बघत राहिले. दोन्ही मांडीवर.

"हात कधी सोडलेस?"

"तुम्ही थांबवल्यावर."

नोंद काढून बघितली. मी थांबवण्याच्या आधी सोडले होते. तोंडातून 'थांबवा' निघालं आणि हात सुटले. मागच्या महिन्याच्या नोंदी काढल्या. पुष्कळजण असंच करतात. आम्ही कधी बघितलंच नव्हतं.

पुढचं आज लिहीत नाही.

२१ जानेवारी

कामावर गेले नाही. साहेबांना कळवलं, ताप आहे.

२७ जानेवारी

चौकशीच्या कचेरीतून बोलावणं आलं. अधिकारी भला माणूस, स्वतः उठून खुर्ची दिली. कॉकपिटमधल्या रेकॉर्डिंगमध्ये शेवटी धोक्याचा भोंगा वाजतोय आणि त्यात दादा काहीतरी बोलतो. त्यांच्या कागदावर तिथे लिहिलंय – 'अस्पष्ट'. घरच्या माणसाला कदाचित कळेल, म्हणाले.

वहिनी सोबत आली होती, पण आत यायला तयार नाही. बाहेरच्या बाकावर पर्स छातीशी धरून बसली. "तूच ऐक. माझ्याबद्दल काही वाईट असेल, तर मला सांगू नकोस."

हेडफोन लावले. दोनदा ऐकलं. तिसऱ्यांदा नको म्हटलं.

अधिकारी म्हणाले, "घाई नाही. उद्या लिहून द्या." वहिनीला म्हटलं, आधी तुला सांगीन, मग लिहून देईन. रात्रभर वेळ दे.

२८ जानेवारी

अस्पष्ट काही नाही. भोंग्यातूनसुद्धा कळतं. रविवारचाच आवाज. "चिमे, थांबव."

सकाळी वहिनीकडे गेले. सांगितलं, दादाने मरायला नाही सोडले हात, माझ्या भरवशावर सोडले. दार लावताना ती एवढंच म्हणाली, "आता काही दिवस येऊ नकोस." मग कचेरीत जाऊन लिहून दिलं. ते दोन शब्द, आणि खाली सगळे रविवार. नोकरी राहत नाही.

चार सेकंद तो माझी वाट बघत होता.