चुन्याखालची तोंडं

३ मे १९११, वेनफर्ड

पोचलो! गाडीवाला स्टेशनपासून एक शब्द बोलला नाही, पण रस्ताभर सफरचंदाची झाडं फुललेली, त्यामुळे मी खुशीत. पाद्री डॉसेट फाटकातच उभे होते. या मिस्टर लाइल, आमच्या दगडांना माणसांत आणा, म्हणाले. चर्च पाहून लंडन विसरलो. तुळयांवर पंख पसरलेले लाकडी देवदूत आणि कमानींच्या बुडाशी दगडी मुंडकी: दातदुखीनं गाल धरलेला म्हातारा, शिंगांसारखे केस बांधलेली बाई, डोळे वटारलेला साधू. सगळ्यांवर चुन्याचे थरावर थर. तो चुना खरवडायलाच मला बोलावलंय.

५ मे

चुना सुटतोय. पापण्यांवरच्या छिन्नीच्या रेघासुद्धा दिसू लागल्या. नवल म्हणजे प्रत्येक मुंडक्याचं तोंड उघडं आहे आणि आत चुना ठासलाय. रंगवताना चुकून गेलेला नाही, कुणीतरी थापीनं दाबून भरलाय.

चर्चचा कारभारी पेल आला. टोपीही काढली नाही. नाकं घास, कान घास, पण तोंडांना हात लावलास तर याद राख, म्हणाला. का, म्हणून विचारलं. ते लंडनात जाऊन विचार, म्हणाला आणि थुंकला. चर्चमध्ये!

६ मे

मी दुकानात शिरलो की बायका गप्प होतात. मी जिच्याकडे राहतो त्या मिसेस पास्कनं आज ताट टेबलावर आदळलं. दुपारी चिडून त्या दातदुखीच्या दगडी म्हाताऱ्याचं तोंड मोकळं केलं. आत बोट घातलं. ओलं होतं. गरम.

७ मे, रविवार

पेल बायबल वाचायला त्या म्हाताऱ्याच्या बरोबर खाली उभा राहिला. तोंड उघडलं, पण आवाजच नाही. तेवढ्यात वरच्या दगडी तोंडातून पेलच्याच घोगऱ्या आवाजात वाचन सुरू झालं. कुणीही वर पाहिलं नाही. सगळे माझ्याकडे बघत होते.

८ मे

मी त्या तोंडात पुन्हा चुना भरला. आवाज आत गुदमरत राहिला, पेल तसाच मुका. गावकऱ्यांनी माझी हत्यारं तळ्यात फेकली. गाडीवाला नेत नाही. पाद्री दार उघडत नाहीत. मिसेस पास्कनं माझी बॅग रस्त्यावर ठेवली. त्या दगडाला एक गळा लागतोच, म्हणाली. पेलचा परत हवा तर दुसऱ्याचा द्यावा लागेल. तुझ्यासाठी इथे रडणारं आहे तरी कोण?

९ मे

सकाळी पायीच निघालो. पुलावर गावातले पुरुष उभे होते. ओढत आणलं. चर्चला बाहेरून कुलूप. म्हाताऱ्याच्या तोंडातला चुना काढून टाकलाय, मला बरोबर त्याच्या खाली बांधून— हात तेवढे सोडवले—

दुपार

ओरडायला गेलो— काहीच नाही—

वरून मी ओरडतोय. वाचवा, म्हणतोय. माझाच आवाज—

दार उघडलं. पेल. शिडी, घमेल्यात ओला चुना. काय मिस्टर लाइल, बरं आहे ना, म्हणाला. खणखणीत. मी पाय धरले. त्यानं झटकले, शिडी लावली. वर माझा आवाज त्याला विनवतोय, आईला हाका मारतोय, आणि हा थापी भरून— आता नुसतं गुरगुरणं— आता—