दोनशे बारा नाण्यांचे खरे भाव

मी, सुहासिनी मार्तंड आष्टीकर, वय ७२, निवृत्त गणित शिक्षिका, राहणार स्टेशन रोड, परतूर, जिल्हा जालना, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने आणि स्वतःच्या मर्जीने लिहीत आहे. माझी बुद्धी ठिकाणावर आहे. तसा दाखला डॉ. सोमेश्वर तौर यांनी आज सकाळी दिला असून तो सोबत जोडला आहे. त्यांनी मला सतरा गुणिले एकोणीस विचारलं. मी तीनशे तेवीस सांगितलं आणि त्यांना एकोणतीस गुणिले सतरा विचारलं. त्यांना वेळ लागला.

माझ्यावर कोणाचा दबाव नाही. राग आहे. राग असताना केलेलं मृत्युपत्र कायद्याने चालतं, हे मी वकिलांना विचारून घेतलं आहे.

यापूर्वी मी कोणतंही मृत्युपत्र केलेलं नाही. माझे यजमान कै. मार्तंड यांनीही केलं नव्हतं. ते १९ मार्च २०११ रोजी हृदयविकाराने गेले आणि त्यांनी काय कुणासाठी ठेवलं हे कुठेच लिहिलेलं नव्हतं. पुढचं सगळं त्यातून झालं.

कलम १. वारस. मला एकच अपत्य, चि. पार्थ, वय ४४, राहणार छत्रपती संभाजीनगर. 'चि.' सवयीने लिहिलं गेलं, राहू द्यावं. त्याची पत्नी सौ. कल्याणी सध्या जालन्याला वेगळी राहते व एका महाविद्यालयाच्या कार्यालयात नोकरी करते. दोघांचा दावा कोर्टात चालू आहे.

कलम २. घर. स्टेशन रोडवरचा प्लॉट मी १९८९ साली माझ्या पगारातून घेतला आणि घरही मीच बांधलं. खरेदीखतावर माझं एकटीचं नाव आहे. हे घर, आतल्या सामानासह, मी कल्याणीस देत आहे. ती माझी सून राहो वा न राहो, दाव्याचा निकाल काहीही लागो. पार्थला या घरात काडीचाही हक्क नाही. तो म्हणेल की कल्याणीने म्हातारीचे कान भरले. कल्याणीने मला फक्त एक कागद आणून दिला. तो काय होता ते कलम ४ मध्ये आहे.

कलम ३. नाणी. या मिळकतीत आज एकही नाणं नाही. तरी नाण्यांबद्दल लिहिणं भाग आहे, कारण माझ्या मागे लोक विचारतील.

मार्तंड परतूर स्टेशनवर बुकिंग क्लार्क होते. निजामाच्या राज्यातली, म्हणजे इकडच्या हाली चलनातली नाणी जमवणं हा त्यांचा एकमेव शौक. अंबडच्या बाजारात, जालन्यात, सराफाकडे मोडीत आलेल्या चांदीत हात घालून ते नाणी निवडायचे. अशी दोनशे बारा झाली. प्रत्येक नाण्यावर पातळ कागद ठेवून ते पेन्सिलीने ठसा उमटवत आणि खाली वजन, तारीख, कुठे मिळालं ते लिहीत. ती ठशांची वही माझ्याजवळ आहे.

मी त्या छंदाला 'चिल्लर' म्हणायचे. महिन्याच्या शेवटी किराणा उधार आणायचा आणि मार्तंड पस्तीस रुपये देऊन एक काळा पडलेला रुपया घेऊन यायचे. त्यातला एक रुपया मला आठवतो. त्याच्यावर वर्षाचा एक आकडा चुकून दोनदा उमटलेला होता. त्या दिवशी ते लहान पोरासारखे हसत होते. म्हणाले, "सुहास, याची किंमत तुला कधीतरी निवांत बसून सांगीन."

ते निवांत कधी बसले नाहीत. मीही विचारलं नाही. या बाबतीत माझी त्यांच्यावर तक्रार आहे आणि ती मी मेल्यावरही मागे घेणार नाही.

कलम ४. फसवणूक. मार्तंड गेल्यावर दहा महिन्यांनी पार्थ म्हणाला की घरात एवढी चांदी ठेवणं बरं नाही, जालन्याचे भुजंगशेठ जुनी नाणी घेतात. (शेठचं आडनाव मी मुद्दाम लिहीत नाही. तशी वकिलांची सूचना आहे.) पार्थ सगळी नाणी पिशवीत घालून घेऊन गेला आणि संध्याकाळी अडुसष्ट हजार रुपये घेऊन आला. चिल्लरीचे अडुसष्ट हजार! मी देवापुढे साखर ठेवली आणि त्यातले तीस हजार पार्थलाच मोटरसायकलीसाठी दिले.

२०१४ च्या पावसाळ्यात हैदराबादहून एका वृद्ध गृहस्थांचा फोन आला. ते मार्तंडांचे पत्रमित्र. मार्तंड गेल्याचं त्यांना ठाऊक नव्हतं. त्यांनी विचारलं, "मग त्या दुहेरी आकड्याच्या रुपयाचं काय केलंत?" आठ दिवसांनी त्यांनी मुंबईच्या एका लिलावाचा कॅटलॉग पोस्टाने पाठवला. एका पानावर खूण केलेली होती आणि शेजारी विक्रीचा भाव लिहिलेला होता. मी ठशांची वही काढून शेजारी ठेवली. कडेवरची खाच तीच, चारमिनारच्या डाव्या मिनारावरचा ओरखडाही तोच. तो एकच रुपया एक लाख पंच्याऐंशी हजारांना गेला होता.

दुसऱ्या दिवशी मी जालन्याला जाऊन भुजंगशेठच्या दुकानात उभी राहिले. गिऱ्हाईकांसमोर मी त्यांना चोर म्हटलं. ते म्हणाले, "बाई, तो रुपया माझ्याकडं आलाच न्हाई. मी आलेल्या मालाचा बराबर भाव दिला, बिलकुल बराबर. जास्तीचं घरात विचारा."

मी घरात विचारलं नाही. पाच वर्षं विचारलं नाही. पाच वर्षं मी भुजंगशेठला खोटारडा समजत होते, कारण दुसरं समजणं मला परवडणारं नव्हतं.

२०१९ च्या दिवाळीआधी कल्याणी एकटीच आली. पायातल्या चपला न काढता तिने पर्समधून घडी घातलेला कागद काढला. "आई, कपाट आवरताना सापडला. तुमच्या वहीशी लावून बघा." लिलाववाल्यांनी पार्थच्या नावाने दिलेली हिशेबाची पावती होती. नऊ नाणी, सहा लाख बारा हजार रुपये. सगळ्यात वर तो रुपया. पार्थने उत्तम ती नऊ आधीच बाजूला काढली होती आणि उरलेली भुजंगशेठकडे नेली होती.

दिवाळीच्या पाडव्याला मी पावती पार्थसमोर ठेवली. त्याने ती वाचलीसुद्धा नाही. कल्याणीकडे पाहिलं. मग मला म्हणाला, "आई, तुला त्यातलं काय कळत होतं? तुझ्या लेखी ती चिल्लरच होती ना?"

ते खरं होतं. म्हणूनच मी ते आजवर विसरले नाही.

इथे वकिलांसाठी नमूद करते की बापाच्या नाण्यांत कायद्याने पार्थचा अर्धा वाटा होताच. त्याने मागितला असता तर माझा अर्धाही मी त्याला दिला असता. त्याने बापाच्या मागे आईला अडाणी धरलं, एवढाच माझा दावा आहे आणि तो कोणत्याही कोर्टात चालत नाही.

कलम ५. रजिस्टरं. कॅटलॉग आला त्या महिन्यापासून मी जुन्या लिलावांचे निकाल गोळा करायला लागले. हैदराबाद, मुंबई, बंगळूर. जुने कॅटलॉग रद्दीच्या भावाने मागवले, लिलाववाल्यांना पत्रं लिहिली, पुढे मोबाइल शिकले. १९९६ पासून आजपर्यंत हाली नाण्यांची जेवढी विक्री मला सापडली तेवढी चौदा रजिस्टरांत आहे. कोणतं नाणं, वजन, झीज किती, कोणत्या दिवशी, कितीला गेलं. मालक किती मागत होता हे मी कुठेही लिहिलेलं नाही. दुकानाच्या काचेवरचा आकडा आणि मोबाइलवरच्या जाहिरातीतला आकडा म्हणजे इच्छा. हातोडा पडला तो भाव. खरेदीदाराने वर दिलेलं कमिशन वेगळ्या रकान्यात आहे. तेच नाणं पुन्हा विकलं गेलं असेल तर दोन्ही नोंदी लाल शाईने जोडल्या आहेत.

आमच्या दोनशे बारांपैकी चौऱ्याहत्तर मला सापडली. त्यांची बेरीज एकोणीस लाख बेचाळीस हजार होते. बाकीची कुठे आहेत ते माहीत नाही.

पहिल्यांदा ही रजिस्टरं कामाला आली ती तीर्थपुरीच्या चतुराबाईंसाठी. त्यांच्या आईची चांदीच्या रुपयांची माळ होती. त्या माझ्या ओट्यावर बसून म्हणाल्या, "बाई, सोनार म्हून राह्यला, वितळवून वजनाचा भाव देतो. लेकीचं ऑपरेशन हाय. दिऊ का?" मी माळेतले सगळे रुपये भिंगाखाली पाहिले. वीस साधे होते. दोन नव्हते. त्या दोन्हींचे मागचे सहा भाव कागदावर उतरवून दिले आणि सांगितलं की यापेक्षा कमी कोणी बोललं तर उठून यायचं. महिन्याने त्यांचा फोन आला. ऑपरेशन त्या दोन रुपयांत झालं होतं आणि वीस रुपयांची माळ अजून गळ्यात होती. त्यानंतर लोक येत राहिले. मी कोणाकडून एक पैसा घेतलेला नाही.

भुजंगशेठने रजिस्टरांसाठी दोनदा माणूस पाठवला. आणि यंदा जूनमध्ये पार्थ आला, सहा वर्षांनी. चहा घेतला. म्हणाला, "आई, तुझं हे काम फार मोठं आहे. माझ्याकडे दे, याचं ॲप काढू. माहितीला आता पैसा आहे." मी विचारलं, "चतुराबाईला किती पडतील?" तो म्हणाला, "फुकट कोण देतं?" मी कप उचलून आत नेला. त्याच दिवशी हे मृत्युपत्र करायचं ठरवलं.

चौदाही रजिस्टरं परतूरच्या सार्वजनिक वाचनालयास द्यावीत. अट एकच. कोणीही यावं, फुकट पाहावं, लिहून न्यावं. जुनी नाणी विकण्याचा धंदा करणाऱ्याला मात्र ती दाखवू नयेत. वाचनालयाने अट मोडल्यास ती कल्याणीने परत आणावीत. या मृत्युपत्राची व्यवस्थापक म्हणून मी माझी माजी विद्यार्थिनी ॲड. दीपमाला उढाण, अंबड, हिची नेमणूक करते. नववीत तिला भूमितीत मी नापास केलं होतं. तिने ते मनात ठेवलेलं नाही.

कलम ६. एक नोंद दुरुस्त करून ठेवते. २०२३ मध्ये दुहेरी आकड्याचा तो रुपया पुन्हा लिलावाला आला. मी फोनवरून बोली लावली. कल्याणी शेजारी बसली होती. मी तीन लाखांपर्यंत जायचं ठरवलं होतं आणि तीन लाखांपर्यंत गेले. समोरचा तीन लाख दहा हजारांवर गेला. कल्याणी म्हणाली, "माझे चाळीस घाला, आई." मी फोन ठेवला. संध्याकाळी रजिस्टर काढलं आणि माझ्याच घरातल्या रुपयाचा भाव माझ्या हाताने लिहिला. पुढे शेरा मारला की हा भाव विश्वासाचा नाही, एक बोली रागाची होती, पुढे कोणी आधार धरू नये. वाचनालयाने तो शेरा खोडू नये.

कलम ७. ठेवी. बँकेतली मुदत ठेव व पोस्टातली बचत, व्याजासह, यांपैकी अर्धी कल्याणीस आणि अर्धी ज्या शाळेत मी एकतीस वर्षं शिकवलं तिथल्या दहावीच्या मुलींच्या गणिताच्या बक्षिसासाठी. बक्षीस पहिल्या येणारीला देऊ नये. तिला आधीच पुष्कळ मिळतात. सहामाहीपासून बोर्डापर्यंत जिचे गुण सर्वांत जास्त वाढले, तिला द्यावं.

कलम ८. भुजंगशेठ. त्यांना मी काही देत नाही. मात्र आमच्या घरून गेलेली आणि लिलावात सापडलेली नाणी ज्या सहा पानांवर आहेत, त्यांच्या छायांकित प्रती त्यांना रजिस्टर पोस्टाने पाठवाव्यात आणि पोचपावती जपावी. त्या रुपयाबद्दल ते खरं बोलले होते. त्याबद्दल मी गिऱ्हाईकांसमोर म्हटलेला शब्द मागे घेते. बाकी दोनशे तीन नाण्यांबद्दल तो कायम आहे.

कलम ९. पार्थ. त्याला ठशांची मूळ वही देत आहे. दोनशे बारा ठसे आणि बापाचं अक्षर. तो ती विकू पाहील म्हणून मी आधीच शोध घेऊन ठेवला आहे. अशी वही कुठल्याही लिलावात विकली गेल्याची एकही नोंद मला सापडली नाही. सबब तिला भाव नाही. तिसाव्या पानावर एका ठशाखाली मार्तंडांनी लिहिलं आहे, 'आज पार्थ बरोबर होता. त्याने निवडला.' तेव्हा तो सात वर्षांचा होता. ते पान त्याने वाचावं की नाही, हे मी सांगणार नाही.

कलम १०. अंत्यविधी. परतूरला, त्याच दिवशी, गाजावाजा न करता. अग्नी कल्याणीने द्यावा, आणि तिने नको म्हटलं तर दीपमालाने. दहावा, तेरावा करू नये. पार्थला फोन करावा. संभाजीनगरहून गाडीने यायला अडीच तास लागतात. तीन तास थांबावं.

हे कलम वाचून दाखवताना साक्षीदार मच्छिंद्र, मार्तंडांचे स्टेशनवरचे सोबती, मला म्हणाले, "बाई, वाटंत गाडी पंक्चर झाली तर? आईच हाय तुम्ही. चार तरी लिवा." डॉक्टर खिडकीबाहेर पाहत होते. मी पेन उचललं, 'तीन' खोडलं आणि पुन्हा 'तीन' लिहिलं.

तीनच. पण तो गाडीत आहे असं फोनवर कळलं, तर तो येईपर्यंत उचलू नये.

वरील सर्व मजकूर मी स्वतः लिहिला, वाचला आणि मान्य केला. खाडाखोड एकाच ठिकाणी, कलम १० मध्ये, असून तिच्यावर माझी सही आहे.

ठिकाण: परतूर
दिनांक: १३ ऑक्टोबर २०२५

(सही) सुहासिनी मार्तंड आष्टीकर

बाईंनी आमच्या दोघांच्या समोर सही केली व आम्ही त्यांच्या समोर केल्या.

साक्षीदार १. (सही) मच्छिंद्र रामकिसन खरात, निवृत्त पॉइंट्समन, परतूर
साक्षीदार २. (सही) डॉ. सोमेश्वर तौर, परतूर