चादरीची पुडी

सोमवार, ३ फेब्रुवारी

झालं! चार वर्षं जे टाळलं तेच पुन्हा दारात. डोळ्यांच्या डॉक्टर म्हणाल्या, धाकटी आता सात वर्षांची झाली, पुन्हा लेन्स सुरू करू. जाड चष्म्यातून तिला समोरचं दिसतं, बाजूचं नाही. शाळेत खेळताना रोज कुणावर ना कुणावर आदळते. मी मान हलवली. बहुतेक हसलोही. भीती वाटली, ते मात्र सांगितलं नाही.

इथे तरी लिहून टाकतो. जन्मतःच तिच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू होता. लोकांना वाटतं तो म्हाताऱ्यांचा आजार – आम्हालाही तसंच वाटायचं. चौथ्या महिन्यात ऑपरेशन करून डोळ्यांतली गढूळ भिंगं काढली. मग ती तीन वर्षांची होईपर्यंत रोज सकाळी डोळ्यांत लेन्स घालायची, संध्याकाळी काढायची. आणि बाळ काय शहाण्यासारखं डोळे उघडून बसतंय? तिला चादरीत गच्च गुंडाळायचं – हात आत, पाय आत – डोकं मांड्यांच्या मध्ये धरायचं आणि पापणी ओढायची. घरात आम्ही त्याला ‘पुडी बांधणं’ म्हणायचो. नाव गमतीचं, काम कसायाचं.

ही, म्हणजे बायको, लॅबमध्ये दिवसभर लोकांच्या हातांत सुया खुपसते, तेव्हा हिचा हात जरा हलत नाही. लेकीच्या पापणीला बोट लावलं की मात्र थरथरायचा. म्हणून पुडी माझ्याकडे आली. मी चष्म्याच्या काचा घासणारा माणूस. लेन्स म्हणजे हातचा मळ! धाकटी किंचाळायची ती माझ्याकडे बघत. नीट बघत. कारण लेन्स बसली की तिला सगळ्यात आधी मीच दिसायचो.

बुधवार, ५ फेब्रुवारी

भीती कसली, ते लिहायचं राहिलं. तिला ते आठवतं, असं मला वाटतं. बोलत नाही, पण आठवतं. मी तिच्या चेहऱ्याजवळ हात नेला की ती मान मागे घेते. आईने केस सारले तर चालतं, ताईने गाल ओढले तर चालतं. माझा हात आला की मान मागे.

म्हणून मी हात न्यायचंच बंद केलं. अर्ध्या गावाच्या फ्रेमी मी कानामागे वाकवून देतो. पोटच्या पोरीचा चष्मा मात्र दुकानातला भागीदार नीट करतो. त्या वेळी मी कुठल्यातरी गिऱ्हाइकात गुंतल्याचं सोंग आणतो. भागीदार एकदा म्हणाला, अरे तुझीच पोरगी आहे, चावत नाही. हसण्यावारी नेलं. ही म्हणते, उगाच बाऊ करतोस, विचारून टाक तिला. विचारून टाक म्हणे! आणि ती ‘हो’ म्हणाली तर?

थोरली बारा वर्षांची आहे. धाकटी तिला ताई म्हणते म्हणून आम्हीही ताईच म्हणतो. तिचं निरीक्षण असं की बाबा धाकटीशी दुकानदारासारखा बोलतो. मी म्हटलं, मग काय गिऱ्हाइकाशी भांडू? तिने डोळे फिरवले आणि पुस्तकात डोकं घातलं.

लेन्स पंधरा तारखेला. त्या दिवशी ती मला बघून किंचाळली तर चार वर्षांची शंका फिटेल. माझ्या लेकीच्या आठवणीतला पहिला माणूस म्हणजे तिला बांधून ठेवणारा मी. एवढंच आहे. पण एवढ्यानेच झोप उडाली आहे.

शुक्रवार, ७ फेब्रुवारी

आज पुन्हा मान मागे घेतली. मी फक्त तिच्या हनुवटीवरचं दूध पुसत होतो.

सोमवार, १० फेब्रुवारी

देव कधीकधी गिऱ्हाइकाच्या रूपात येतो, असं आजपासून मानायला हरकत नाही. लहान मुलांच्या मेंदूच्या डॉक्टर आमच्याकडे नवा चष्मा करायला आल्या. दोन वर्षांपासून येतात, पण त्या नेमक्या कशाच्या डॉक्टर, हे आज कळलं. त्यांच्या बुबुळांमधलं अंतर मोजताना त्यांना हलता येत नव्हतं, तेवढ्यात मी विचारून घेतलं. फुकटचा सल्ला! भागीदार मागून डोळे वटारत होता.

त्या छान समजावून सांगतात. म्हणाल्या, कुठे, कधी, कुणी, काय केलं – हे सगळं एकत्र बांधून ठेवणारा मेंदूचा भाग लहानपणी अजून तयार होत असतो. त्यात नव्या पेशी इतक्या भराभर येतात की आधीची जुळणी विस्कटते, असंही म्हणतात. घराचं बांधकाम चालू असताना कपाटात कपडे कोण लावतं? तीन वर्षांच्या आतलं मोठेपणी जवळजवळ कुणालाच आठवत नाही. पाच-सहा वर्षांच्या मुलांना त्यातलं थोडं आठवतं, मग तेही गळत जातं. शाळेच्या वयातलं मात्र टिकायला लागतं. मी म्हटलं, ते पुढचं राहू द्या, तीनच्या आतलं गेलं ना? तर म्हणाल्या, चित्र जातं. भीती मात्र कधीकधी अंगात राहते, मुलाला स्वतःलाही ती कुठून आली ते कळत नाही.

म्हणजे अर्धा जीव भांड्यात पडला, अर्धा अजून बाहेरच! मग त्यांनीही हिच्यासारखंच म्हटलं. “एवढं मला विचारलंत, तिला कधी विचारलंत का?”

चष्म्यावर दहा टक्के सूट दिली. भागीदार अजून बोलत नाहीये.

शनिवार, १५ फेब्रुवारी

आज सगळं क्रमाने लिहितो.

सकाळी दवाखान्यात गेलो. ही बरोबर होती, ताईही आली होती. लेन्स बसवणारी मुलगी चांगली होती, गोड बोलणारी, पण अगदी नवखी. पहिल्यांदा लेन्स पापणीवर चिकटली, दुसऱ्यांदा गालावर. मी दाराशी उभा होतो. खरं म्हणजे अर्धा दाराबाहेरच. तेवढ्यात धाकटी वैतागून म्हणाली, “बाबाला येतं ना हे! तो करेल.”

मला वाटलं, कान वाजले. पुढे गेलो. हात धुतले, बोटावर लेन्स घेतली, दुसरा हात तिच्या गालाजवळ नेला – आणि तिने मान मागे घेतली. मी तिथेच थांबलो. हातातली लेन्स खाली ठेवणार होतो.

“आधी हात गरम कर. तुझे हात नेहमी गार असतात, मला शहारे येतात.”

गार! काच घासायच्या यंत्रावर दिवसभर पाणी वाहतं, माझे हात त्यात असतात. संध्याकाळी घरी येतो तेव्हा बोटं बर्फ. पुन्हा थंड पाण्याने धुवून तिच्याजवळ जातो, स्वच्छतेचा पुतळा! चार वर्षं मी ज्याला तिची आठवण समजत होतो तो माझा गारठा होता. एवढा मोठा गाढव मी पाहिलेला नाही, आणि रोज आरशात पाहतो.

हात चोळले. ती म्हणाली, अजून. पुन्हा चोळले. मग तिने आपणहून डोळा मोठा केला. लेन्स एका झटक्यात बसली, दुसरीही. दोनचार वेळा पापण्या मिटल्या, माझ्याकडे नीट बघितलं, आणि जाहीर केलं की बाबाच्या नाकात केस आहेत. दवाखाना हसला. मी बाहेर जाऊन नळाखाली तोंड धुतलं. ही मागून आली, रुमाल दिला.

रविवार, १६ फेब्रुवारी

आज विचारलं. न्याहारी करताना, मोठ्या धीराने. तू अगदी लहान होतीस तेव्हाचं काही आठवतं का? धाकटी म्हणाली, हो, सगळं आठवतं. मी हातातला घास खाली ठेवला. तर म्हणे आपल्याकडे काळा कुत्रा होता, तो तिला पाठीवर बसवून जिन्यावरून न्यायचा. आपल्याकडे कधी मांजरही नव्हतं! बाकी? बाकी काही नाही.

मग मीच सांगितलं. पुडी कशी बांधायचो, ती कशी किंचाळायची. तिला जाम गंमत वाटली. चादर घेऊन आली, म्हणाली, बांध. मी बांधली. ती पुडी होऊन पलंगावर लोळत होती, मी खदखदून हसत होतो, ही दारात उभी राहून हसत होती. किती हलकं वाटलं, ते लिहिता येत नाही. पुन्हा बांध, पुन्हा बांध! चार वेळा बांधली. ताई मधेच उठून आत गेली. परीक्षा जवळ आली आहे तिची.

मंगळवार, १८ फेब्रुवारी

मेल्यासारखा झोपलो दोन्ही रात्री. दुकानात शिट्टी वाजवतो म्हणून भागीदार विचारतो, लॉटरी लागली काय? सकाळची लेन्स आता माझ्याकडे. आधी हात कोमट पाण्यात.

बुधवार, १९ फेब्रुवारी

ताई शाळेतून परस्पर दुकानात आली. कधी येत नाही. भागीदार जेवायला गेला होता. गिऱ्हाइकाच्या खुर्चीत बसली, दप्तर पाठीवरच. म्हणाली, “तिला आठवत नाही म्हणून तू इतका खूश आहेस. मला आठवतं.”

मला वाटलं तीही धाकटीच्या काळ्या कुत्र्यासारखंच काहीतरी रचून सांगणार. तर नाही. पुडी बांधायच्या आधी सगळ्या खिडक्या आणि दार लावायचं काम तिचं होतं, शेजारच्यांना ओरडणं ऐकू जाऊ नये म्हणून. मीच लावून दिलेलं काम. मग लेन्सची डबी हातात घेऊन तिथेच उभं राहायचं. मला यातलं काही आठवेना. ती तेव्हा पाच वर्षांची, सहा वर्षांची, सात वर्षांची. म्हणाली, “मला वाटायचं, मी दार लावलं नाही तर तू तिला बांधणार नाहीस. तरी मी लावायचे.”

मी डॉक्टरांना फक्त धाकटीचं विचारलं होतं.

शटर निम्मं खाली ओढलं. स्टूल घेऊन तिच्यासमोर बसलो, दप्तर तिच्या खांद्यावरून उतरवलं आणि म्हटलं, सांग.