दुसरीची वार

४ मार्च
आजपासून नोकरी! इथल्या मालकीण, ताई, यांनी कामाची जागा दाखवली. लखलखीत स्वयंपाकघरच म्हणा ना. बाळापाठोपाठ पडते ती वार इथे येते. ती धुवायची, वाफवायची, पातळ काप वाळवून दळायचे, कॅप्सूल भरायच्या आणि त्याच बाळंतिणीला द्यायच्या. अंगात ताकद येते, दूध वाढतं, मन खचत नाही, असं ताई सांगतात. माझी थोरली बहीण नर्स. ती फोनवर म्हणाली की याला काडीचा पुरावा नाही. झालाच तर जंतुसंसर्ग होतो. ताईंना सांगितलं तर हसल्या. मांजर स्वतःची वार खाते, उदास मांजर कधी पाहिलीस का, म्हणाल्या. मलाही हसू आलं. राहायला वरची खोली मिळाली, उजेडाची.

९ मार्च
एका शिक्षिकेची वार आली. फ्रिजमध्ये आणखी एक डबा आहे, दुसऱ्या एका बाईच्या वारेचा. त्या बाईचं बाळ मेलेलंच जन्मलं. तिच्या नवऱ्याने वार नीट पुरायला सांगितलीय. ते काम ताईंनी माझ्यावर सोपवलं.

१० मार्च
बहिणीशी गप्पा मारत बसले आणि शिक्षिकेचे काप करपले. पार कोळसा. ताई बाहेर गेल्या होत्या. मी कोळसा कचऱ्यात टाकला आणि दुसरा डबा उघडला. वार ती वार, कोण ओळखणार? आणि नाहीतरी तिचा उपयोग काय!

१५ मार्च
शिक्षिकेच्या नवऱ्याचा फोन. बायको एकदम टवटवीत झालीय म्हणे. ताईंनी माझी पाठ थोपटली. जेवण गेलं नाही.

१८ मार्च
पुन्हा त्याचा फोन. मीच घेतला. बाळाला ताप नाही, तरी ती म्हणते हे फार गरम आहे, हे माझं नव्हे. माझं गार असतं. दुपटं काढून त्याला उघड्या फरशीवर निजवते. मी म्हटलं, कॅप्सूल बंद करा. त्याने कारण विचारलं. मी फोन ठेवला.

१९ मार्च
ताईंना सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, तोंड शिवून बस. मग हळूच म्हणाल्या, खरं सांगू का, त्यात काही नसतंच गं.

२० मार्च
शिक्षिकेच्या घरी जाऊन तिच्या नवऱ्याकडे कबूल केलं. त्याने उरलेल्या कॅप्सूलची बाटली माझ्या हातात कोंबली. बाळ आजीकडे गेलं, शिक्षिकेला दवाखान्यात न्यायचं ठरलं. डॉक्टर म्हणाले, बाळंतपणानंतर असा आजार होतो, कॅप्सूलचा संबंध नाही. हायसं वाटायला हवं होतं. पण गाडीत बसताना तिने मला विचारलं — अगदी मायेने — की माझं कुठे ठेवलंस?

२१ मार्च
डॉक्टर खरे की ती खरी? बाटलीतली एक गिळली. काही होणार नाही. काही नसतंच त्यात.

२२ मार्च
काही नाही. छातीत जडपणा. जागरणाने असेल.

२३ मार्च
ब्लाउज पुढून ओला. पान्हा — मला? मी तर कधी —
बहिणीला फोन लावला. बोलता येईना. तिचा आवाज फार गरम —

२४ मार्च
बाळ रडत नाही. रडणार कसं, गार पडलंय. मीच दळलं त्याचं — नाही, आधी जवळ घेऊ दे, पाजू दे, मग सांगते सगळं, मग —
आले रे, आले, तोंड उघड, हं, असं —