एकाच केबलवर दोन शेठ

३ नोव्हेंबर, सोमवार
झाली एकदाची वाटणी! चाकणची शेड दोघा भावांत अर्धी-अर्धी. मधोमध पिवळा पट्टा मारलाय. पण जमिनीखालून गेलेली नेटवर्कची केबल एकच. नवी टाकायची म्हटलं तर थोरले ज्ञानेशशेठ म्हणतात, "माझ्या बाजूला खोदायचं नाही." धाकटे निरंजनशेठ — "मग मी तरी का खोदू देऊ?"

म्हणजे एकाच केबलवर दोन वेगळी नेटवर्कं चालवायची. कुणी? मी. सगळ्या कारखान्यात आयटीवाली मी एकटीच. थेरगावला घरी पोचले तेव्हा जेवायचंही त्राण नव्हतं.

४ नोव्हेंबर, मंगळवार
राउटरवर दोन्ही नेटवर्कं बसवली. थोरल्यांना नंबर दहा, धाकट्यांना वीस. तार तीच, पण दहाला वीस दिसत नाही आणि विसाला दहा. दोघांनी वेगवेगळं केबिनमध्ये बोलावून एकच विचारलं — "त्याला माझं काही दिसणार नाही ना?" नाही हो, नाही!

५ नोव्हेंबर, बुधवार
शेडमागच्या घरात या दोघांची आई राहते, इंदुताई. त्यांचा टॅब याच केबलवर. शेडमधल्या कॅमेऱ्यांतून दिवसभर दोन्ही मुलांची कामं बघत बसायच्या. आज फोन — "पोरी, माझा निरंजन कुठं गेला? निम्मीच शेड दिसती."

चूक माझी. टॅब कुठल्या नेटवर्कात घालायचा हे विचारलंच नव्हतं, तो दहात राहून गेला. आज विचारलं. थोरले म्हणाले, "आईचं त्याच्याकडे टाका." धाकटे म्हणाले, "दादाकडेच राहू दे." दोन्हीकडचं दाखवते म्हटलं तर दोघंही अंगावर आले. "नोकरी करायचीय ना?" वाईट वाटलं. फार.

६ नोव्हेंबर, गुरुवार
कारखान्याची आठवड्याची सुट्टी. झोपून काढली. इंदुताईंचे फोन येऊन गेले. उचलले नाहीत. काय सांगणार?

७ नोव्हेंबर, शुक्रवार
शेवटी इंदुताईंच्या घरी जाऊन खरं ते सांगितलं — दोघंही नको म्हणतात. इंदुताईंनी टॅब पालथा घातला. "व्हय का." मी उठले तेव्हा म्हणाल्या, "तुझ्यावर राग न्हाई, पोरी. च्या घेऊन जा."

८ नोव्हेंबर, शनिवार
इंदुताई शेडमध्ये आल्या. बरोब्बर पिवळ्या पट्ट्यावर उभ्या राहिल्या आणि दोन्ही मुलांना हाका मारल्या. "तुमच्या वडलांनी ही जमीन माझ्या नावावर केली व्हती. तुमी वाटणारे कोण? दोघंबी जागा खाली करा." मग माझ्याकडे वळून — "पोरी, ती केबल आधी काढ. माझ्या जमिनीत हाय."

काढली.